राजवाडा ते सराफा: कॅमेरा नुकताच हातात घेतलेल्यांसाठी

इंदूरच्या मराठी घरांत कुणी फोटोग्राफी शिकतो म्हटलं की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: कोणता कॅमेरा घेऊ? खरं तर हा प्रश्न तिसरा-चौथा यायला हवा. खिशात चार-पाच वर्षांपूर्वीचा बरा फोन असेल तरी पहिले दोन महिने त्यावर निघतात. घरात कुणाचा जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा) कपाटात पडून असेल तर फारच उत्तम. काका-मामांकडे चौकशी करा, बहुतेक खानदानांत एखादा निघतोच.

विकतच घ्यायचा असेल तर वापरलेला घ्या. कंपन्यांनी आपलं लक्ष मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळवल्यामुळे चांगले डीएसएलआर आता सेकंडहँड बाजारात बऱ्याच कमी किमतीत मिळतात. घेताना दोनच गोष्टी कसून तपासा. शटर काउंट, म्हणजे आजवर त्यावर किती फोटो काढले गेले तो आकडा, विचारा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्याचं शटर साधारण लाखभर क्लिकच्या हिशोबाने बनवलेलं असतं. आणि लेन्स काढून तिच्यातून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. विकणारा 'फोटोत दिसत नाही' म्हणाला तरी परत ठेवा. मेगापिक्सेलच्या आकड्यावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका.

आधी घरातच, खिडकीशी

पहिला धडा बाहेर जाऊन घ्यायचा नसतो. सकाळी ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, तिच्याशेजारी घरातलं कुणी बसवा. आजी मटार सोलत असेल तर ताट तिथेच न्यायला सांगा. 'आजी, जरा खिडकीशी बस ना.' 'माझे कसले फोटो काढतोस, आधी ते दूध बंद कर.' दूध बंद करा आणि या. मग खोलीतले दिवे घालवा. हे महत्त्वाचं आहे, कारण खिडकीचा उजेड आणि छतावरचा दिवा यांचे रंग वेगळे असतात, आणि एका चेहऱ्यावर दोन्ही पडले की अर्धा गाल निळसर, अर्धा पिवळा दिसतो.

आता तुम्ही जागा बदला, आजीला हलवू नका. खिडकीकडे पाठ करून काढा: चेहरा सपाट, सगळीकडे सारखा. बाजूने काढा: नाकाची सावली पडते, सुरकुत्या दिसतात, हातातली शेंगही उठून येते. खिडकी तिच्या मागे येईल असं उभं राहा: चेहरा काळा, खिडकी पांढरी. या तीन फोटोंत वस्तू तीच, कॅमेरा तोच, बदललं ते फक्त उजेड कुठून येतो हे. शेवटचा काळा चेहरा पुसून टाकू नका, त्याच्यावर पुढचा सगळा विषय उभा आहे.

कॅमेरा चुकतो, आणि त्याची चूक ठरलेली असते

कॅमेऱ्यातलं मीटर समोरचा उजेड मोजतं, पण समोर काय आहे हे त्याला कळत नाही. जगातली प्रत्येक गोष्ट सरासरी मधल्या राखाडी छटेची आहे असं धरून ते हिशोब करतं. सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच मापाचा सदरा शिवणाऱ्या शिंप्यासारखा त्याचा कारभार आहे. मध्यम अंगाच्या माणसाला बसतो, बाकीच्यांचे हाल.

करून बघा. दारातल्या पांढऱ्या रांगोळीवर जवळ जाऊन, फ्रेम भरेल असा फोटो घ्या. रांगोळी मळकट, करडी येईल. मग काळ्या दगडी पायरीचा तसाच घ्या. पायरी फिकट, धूळ बसल्यासारखी येईल. दोन्ही वेळा कॅमेऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे 'बरोबर'च केलं.

यावर उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. कॅमेऱ्यावर अधिक-उणे असं चिन्ह असलेलं बटण असतं. फोनवर स्क्रीनला बोट लावलं की शेजारी सूर्याचं चित्र किंवा सरकपट्टी येते, ती वर-खाली करायची. रांगोळीसाठी अधिक एक, पायरीसाठी उणे एक. नवख्याला हे उलटं वाटतं: पांढऱ्याला आणखी उजेड का द्यायचा? कारण कॅमेरा पांढऱ्याला ओढून राखाडी करतोय, तुम्ही त्याला परत वर नेताय. आजीच्या काळ्या चेहऱ्यावरही हाच इलाज. अधिक दीड-दोन द्या, खिडकी पांढरीफटक होऊ द्या, चेहरा दिसला की झालं.

माझ्या मते शिकण्यातला निम्मा भाग इथेच आहे: मीटरचं कधी ऐकायचं आणि कधी त्याला गप्प बसवायचं. बाकीची बटणं त्यानंतर. बरेच शिकवणारे थेट मॅन्युअल मोडवर, म्हणजे सगळे आकडे स्वतः लावायला, ढकलतात, मला ते पटत नाही. मॅन्युअलमध्येही नवखा मीटरची सुई मध्यावर आणून क्लिक करतो, म्हणजे मीटरचंच ऐकतो, फक्त जास्त वेळ घेऊन.

आपल्या गावाला तर याचा वारसाच आहे. लाला दीनदयाळ, पुढे निजामाकडून राजा ही पदवी मिळालेले, 1866 मध्ये रुडकीहून अभियांत्रिकी शिकून इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि 1874 च्या सुमारास इथेच नोकरी सांभाळत फोटोग्राफी करू लागले. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे आणि मध्य भारतातले ब्रिटिश एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना पुढे आणलं. त्या काळी कॅमेऱ्यात मीटर नव्हतं. काचेची प्लेट, तिपाई, आणि उजेडाचा अंदाज डोळ्यांनी. तो अंदाज आजही बांधता येतो: लख्ख उन्हात, आयएसओ 100 असेल तर एफ 16 ला शटर साधारण 1/100 सेकंद (हे आकडे काय ते पुढे येतंच). छायाचित्रकार याला सनी सिक्स्टीन म्हणतात. एखाद्या दुपारी मोड मॅन्युअल करून एवढंच लावून बघा, मीटरकडे न बघता फोटो ठीक येतो.

तीन आकडे, तीन ठिकाणी

अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ. पहिलं म्हणजे लेन्समधलं भोक, दुसरं म्हणजे उजेड किती वेळ आत येतो, तिसरं म्हणजे कॅमेऱ्याने संकेत किती वाढवायचा. उजेड कमी-जास्त करायचे हे तीन मार्ग, पण प्रत्येकाचा फोटोवर एक वेगळा परिणाम होतो, आणि तो घरात बसून वाचण्यापेक्षा जागेवर लवकर कळतो.

अ‍ॅपर्चरसाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर जा. कान्ह नदीकाठच्या या होळकरांच्या छत्र्यांमध्ये कोरीव खांबांच्या ओळी आहेत, आणि आपल्याला ओळच हवी आहे. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा. त्यात भोक तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो. कॅननवर एव्ही, निकॉन आणि सोनीवर ए. सगळ्यात जवळच्या खांबावर फोकस करा. एफचा आकडा लेन्स देईल तेवढा लहान ठेवून एक फोटो, मग एफ 11 ला दुसरा. पहिल्यात मागचे खांब विरघळतात, दुसऱ्यात बरेचसे स्पष्ट राहतात. लहान आकडा म्हणजे मोठं भोक, हे गणित उलटं वाटतं कारण तो आकडा भागाकाराचा आहे: लेन्सची फोकल लेंग्थ भागिले भोकाचा व्यास. 50 मिमीच्या लेन्सचं भोक 25 मिमीचं उघडलं की एफ 2. आणि 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 या शिडीवर प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो.

किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या 18-55 वर, मागचं धूसर होत नाही अशी सगळ्यांचीच तक्रार असते. होतं. 55 वर झूम करा, वस्तूच्या जवळ जा, आणि मागची भिंत लांब असू द्या. तिन्ही एकदम केलं की एफ 5.6 सुद्धा चांगलं काम करतं. फोनमध्ये भोक बहुधा बदलता येत नाही. पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा हा हिशोबाने नंतर घातलेला असतो, म्हणून केसांच्या कडा आणि चष्म्याची काडी त्यात कापली जाते.

शटरसाठी सराफा. दागिन्यांची दुकानं बंद झाली की रात्री त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात, आणि दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलायची इथली अदा तुम्हाला माहीतच आहे. तो द्रोण हवेत पकडायचा म्हणजे शटर 1/500 च्या आसपास हवं. किट लेन्सवर एफ 5.6 आणि आयएसओ 3200 ठेवून मीटर तुम्हाला तिथे समजा 1/60 देतंय. पुरेसं नाही. आता एफ 1.8 ची 50 मिमी लेन्स लावा: तीन पायऱ्यांहून थोडा जास्त उजेड, म्हणजे शटर थेट 1/500 च्या वर. म्हणूनच पहिली जादा लेन्स कोणती, या प्रश्नाला बहुतेक जण ही स्वस्त 50 मिमी सांगतात, आणि मीही तीच सांगतो.

पण लेन्स नसेल तरी मार्ग आहे. द्रोण वर जातो, टोकाला क्षणभर थांबतो आणि मग खाली येतो. त्या टोकाला त्याचा वेग शून्य असतो, त्यामुळे तिथे 1/125 सुद्धा चालून जातं. दोन-तीन वेळा नुसतं बघा, हात कितपत वर जातो याचा अंदाज घ्या, त्या उंचीवर आधीच फोकस करून ठेवा आणि द्रोण पोचायच्या किंचित आधी दाबा. 'भिया, फिर से उछालो' म्हणायची लाज बाळगू नका, कॅमेरा दिसला की तो एरवीपेक्षा उंचच उडवतो. मग दहीवडा घ्या मात्र.

शेजारी जिलबीवाल्याकडे नेमकं उलटं करा. शटर 1/15 वर आणा, कोपर पोटाशी घट्ट दाबा, श्वास सोडून क्लिक करा. कढई स्थिर, आणि पिठाच्या फडक्यावरचा हात गोल फिरताना पुसट. हलणारं काय आणि थांबलेलं काय, हे त्या एका फोटोत दिसतं. हात हलून अख्खा फोटो पुसट येणं वेगळं. ते टाळायला शटर लेन्सच्या मिमीच्या आकड्याहून कमी नको असा जुना नियम आहे, 50 मिमीला 1/50. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यांना 1/80 धरा. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा थरथराट सावरायची सोय, असेल तर याहून खाली जाता येतं.

आणखी एक खोच. दुकानांतले काही एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे. डोळ्याला कळत नाही, पण जलद शटरला फोटोवर आडवे काळसर पट्टे येतात. कॅमेरा बिघडला समजून दुरुस्तीला नेऊ नका. शटर 1/100 किंवा 1/50 वर आणा, पट्टे जातात.

आयएसओ हा नाइलाजाचा आकडा. तो वाढवला की कॅमेरा मिळालेला संकेत वाढवून देतो, आणि त्याबरोबर अंधाऱ्या भागातले रवाळ ठिपकेही वर येतात. तरी नवख्यांनी त्याला घाबरू नये. रवाळ फोटो बघता येतो, हललेला टाकून द्यावा लागतो. रात्री ऑटो आयएसओ लावून कमाल मर्यादा 3200 किंवा 6400 ठरवून ठेवा आणि विसरून जा.

राजवाडा का वाकतो

चौकात उभं राहून कॅमेरा वर केला की राजवाडा मागे पडतोय असा येतो. सात मजल्यांची इमारत, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. एवढी उंच गोष्ट जवळून घेताना कॅमेरा तिरका करावाच लागतो आणि उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. समोरच्या बागेच्या दूरच्या टोकाला जा, कॅमेरा सरळ धरा, खाली जास्तीचा रस्ता आला तरी येऊ द्या, तो नंतर कापता येतो. किंवा वाकायचंच असेल तर अगदी दाराजवळ जाऊन पूर्ण वर बघा, म्हणजे ते मुद्दाम केलेलं वाटेल. अर्धवट वाकलेला राजवाडा मात्र कुणाचाच नसतो.

एकाच सुट्टीच्या दिवशी तिथे तीन वेळा जा: सकाळी, भर दुपारी, आणि सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी. मे महिन्यात सहाच्या आतच उजाडतं, डिसेंबरात साडेसहानंतरही निवांत पोचता येतं. दुपारचा फोटो निराश करेल. कर्कवृत्त आपल्या थोडंच उत्तरेला असल्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर येतो, सावल्या पायाखाली जातात आणि नक्षी सपाट दिसते. माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. अशा वेळी उन्हातून बाजूला व्हा, एखाद्या कमानीच्या किंवा ओसरीच्या सावलीत माणूस उभा करा. मावळतीनंतरच्या आकाशात निळा रंग टिकून असतो आणि दिवेही लागलेले असतात. इमारतीसाठी माझी आवडती वेळ तीच. तिपाई लावायची असेल तर आतल्या भागात आधी तिकीटखिडकीवर विचारा.

रंगांबद्दल थोडंसं इथेच. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका पिवळा. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण 2700 ते 3000 केल्व्हिन, दुपारचं ऊन 5500 च्या आसपास. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग आपोआप सुधारायची सोय, बऱ्याचदा पिवळेपणा पुसून टाकतो, आणि सराफ्यातली रात्र दवाखान्यासारखी पांढरी करतो. तिथे व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवून बघा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढलं तर हे सगळं घरी बदलता येतं, पण पहिल्या महिन्यात जेपेग पुरे.

माणसांचे फोटो

विचारून काढा. मराठी माणूस विचारायला संकोचतो आणि मग लांबून झूम करून काढतो, ते जास्त वाईट दिसतं. नुसती मान हलवून कॅमेरा दाखवला तरी उत्तर कळतं. नाही म्हटलं तर हसून पुढे. लहान मुलं असतील तर सोबतच्या मोठ्यांना विचारा. आणि काढलेला फोटो त्यांना दाखवा. पुढच्या वेळी तोच भाजीवाला स्वतःहून 'इधर से लो' सांगतो.

फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर. कॅमेऱ्यात डोळा शोधायची सोय असेल तर वापरा, नसेल तर एकच फोकस पॉइंट निवडून तो डोळ्यावर न्या. बटण अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. एवढी एक सवय बोटाला लागायला आठवडा जातो, जाऊ द्या.

गेर आणि झांक्या

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघून नवीन कॅमेरेवाल्यांचे हात शिवशिवतात. पहिल्या वर्षी खाली गर्दीत उतरू नका, एवढंच सांगेन. टँकरमधून पाण्याचे फवारे आणि यंत्रातून गुलाल उडतो, आणि ती बारीक पूड झूमच्या सांध्यातून आत जाते. ओळखीच्या कुणाच्या गच्चीवरून काढा, दृश्यही वरूनच मोठं दिसतं. उतरायचंच असेल तर कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत, लेन्सपुरतं भोक पाडून कडा रबराने आवळा, पुढे साधं फिल्टर लावा, आणि रस्त्यावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर आधी सुक्या ब्रशने आणि हवेच्या पंपाने रंग झटकायचा; ओलं फडकं लावलं की त्याचा लगदा होतो.

अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरणी कामगारांच्या झांक्या, म्हणजे फिरते देखावे, त्या मानाने सोप्या. दिव्यांनी भरलेल्या असतात, हळू सरकतात. इथे मीटर उलटं फसतं: मागचा काळोख बघून ते उजेड वाढवतं आणि दिवे पांढरे फुटतात. उणे एक द्या. रांगोळीचा धडा इथे उपयोगी पडतो.

घरी आल्यावर

कार्डातले फोटो त्याच रात्री संगणकावर उतरवा आणि दुसरीकडे कुठेतरी एक प्रत ठेवा. कार्ड मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, संगणकातून एकेक पुसू नका. सगळे फोटो ठेवायचा हट्ट सोडा. शंभरातले पाच निवडले तर निवडताना डोळा घडतो, आणि घरचेही पाचच शांतपणे बघतात.

आषाढ-श्रावणात कॅमेरा चामड्याच्या किंवा बंद बॅगेत ठेवू नका, बुरशीची सुरुवात तिथूनच होते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. रंग बदलणारं जेल आणलंत तर ओलं झालेलं कळतं आणि कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. ती कढई मग स्वयंपाकाला परत देऊ नका.

आणि महिन्याला दोन-तीन तरी प्रिंट काढा. फक्त एक लक्षात ठेवा: नेहमीची 4 बाय 6 इंची प्रिंट कॅमेऱ्याच्या 3:2 आकाराला बरोबर बसते, पण फोनचा फोटो बहुधा 4:3 असतो आणि छापताना त्याच्या दोन कडा उडतात. आजीच्या डोक्यावरचा पदर कापला जाऊ नये म्हणून फोटो आधी स्वतः 3:2 मध्ये कापून मगच स्टुडिओत द्या, किंवा सरळ 'पांढरी पट्टी सोडून पूर्ण छापा' असं सांगा.